हिवाळी किनाऱ्याचे दप्तर

प्रस्तावना

चंदगड तालुक्याला समुद्र नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, एका अंगास बेळगाव, दुसऱ्या अंगास सावंतवाडी व दोडामार्ग आणि कड्यापलीकडे थोड्याच अंतरावर गोमंतक, अशा चतुःसीमेत हा तालुका वसला आहे. आणि त्याची ओळख सांगायची झाल्यास ती पारगड, गंधर्वगड, महिपाळगड हे किल्ले, काजूच्या बागा, भातनाचणीची शेते आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत कोसळणारा पाऊस यांच्या आधारेच आजवर सांगितली गेली आहे. तेव्हा कोकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना या घाटमाथ्यावरून लिहिली जावी, हे वरवर पाहणाऱ्यास वहिवाटीला सोडून वाटण्याचा संभव आहे. परंतु नकाशा उलगडून पाहिला म्हणजे ही शंका फार वेळ टिकत नाही. चंदगड गावापासून वेंगुर्ल्याचा समुद्र सरळ रेषेत मोजला असता सुमारे साठ किलोमीटर भरतो. आणि जे अंतर माणसाला घाटाची वळणे उतरत अर्धा दिवस खर्चून काटावे लागते, ते सैबेरियाहून निघालेल्या पक्ष्याच्या लेखी एका तासाच्या उड्डाणाहून फारसे अधिक नसते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे. या तालुक्याच्या कड्यावर पडणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. ताम्रपर्णी आणि घटप्रभा यांना मिळणारा वाटा पूर्वेची वाट धरतो, कृष्णेच्या पात्रातून सारे दख्खन ओलांडतो आणि अखेर पूर्वसमुद्रात विलीन होतो. तिलारीच्या वाट्याला आलेले पाणी घाटमाथ्यावरील धरणात काही काळ अडते, वीज निर्माण करून कड्याखाली उतरते, दोडामार्गाच्या खोऱ्यातून गोव्यात शिरते, तेथे शापोरा हे नाव धारण करते आणि पेडणे व बार्देश या दोन महालांच्या मधून वाहत मोरजीच्या वाळूपाशी सिंधुसागराला मिळते. आता योगायोग असा, की डिसेंबर-जानेवारीत ज्या वाळूच्या दांड्यावर नाना जातींचे कुरव आणि सुरय हजारोंच्या संख्येने विसाव्याला बसतात, आणि ज्यांच्या गर्दीत एखादा क्वचित दिसणारा पक्षी सापडेल या आशेने देशोदेशीचे पक्षिनिरीक्षक दुर्बिणी रोखून उभे असतात, तो दांडा याच नदीच्या मुखाशी आहे. नदीचा उगमाकडील भाग आणि तिचे मुख यांचा परस्परसंबंध एवढा उघड असताना पक्ष्यांच्या नोंदी मात्र मुखाशी विपुल आणि माथ्यावर जवळजवळ शून्य, अशी स्थिती आहे. या विषमतेने ज्या विचाराला चालना दिली, तो विचार प्रस्तुत पुस्तकाच्या मुळाशी आहे: पक्ष्याची दुर्मीळता ही पक्ष्याइतकीच दप्तरावरही अवलंबून असते, आणि ज्या मुलखात दप्तरच ठेवले गेले नाही, तेथे कोणता पक्षी दुर्मीळ व कोणता सामान्य, हे सांगण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

प्रथम ऋतूविषयी. हिवाळी पक्षी म्हणजे नोव्हेंबरात येणारे आणि फेब्रुवारीत जाणारे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती किनाऱ्याच्या बाबतीत अपुरी पडते. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात उन्हाळा इतका अल्पायुषी असतो, की तेथे अंडी घालून पिले मोठी करणारे चिखलपक्षी ऑगस्टच्या सुमारासच दक्षिणेची वाट धरतात, आणि आपल्याकडे पाऊस पुरता ओसरण्यापूर्वी, भाद्रपदातच, त्यांतले पहिले प्रवासी झिजलेल्या विणीच्या पिसाऱ्यानिशी पुळणीवर उतरलेले असतात. त्या वर्षी जन्मलेली पिले त्यांच्या मागून येतात, आणि नवल असे, की वाट दाखवणारे वडीलधारे पुढे निघून गेले असताही ती आपल्या उपजत बुद्धीच्या बळावर तोच किनारा गाठतात. मार्गशीर्ष ते माघ हा स्थैर्याचा काळ. त्यानंतर फाल्गुन-चैत्रात पक्ष्यांचे रंग पालटू लागतात: राखी छातीच्या वाळू-चिखल्यांच्या उरावर नारिंगी झाक चढते, आणि पॅलासच्या कुरवाचे मस्तक काळेभोर होते. हिवाळाभर ज्या दोन जाती एकमेकींपासून वेगळ्या करताना जाणकारांचीही मती कुंठित होते, त्या या संधिकाळात आपली ओळख आपणच सांगतात. म्हणून दुर्मीळ पक्षी शोधणाऱ्याने ऐन थंडीपेक्षा ऋतूच्या दोन्ही कडा अधिक जपाव्यात. कित्येक जातींचे पहिल्या वर्षाचे तरुण पक्षी उत्तरेकडे परतण्याचा खटाटोप न करता पुढचा उन्हाळा येथेच काढतात, ही गोष्टही ध्यानात असू द्यावी.

ऋतूनंतर स्थळ. मुंबईच्या खाड्यांत भरती-ओहोटीच्या पाण्यातील अंतर मोठे असल्यामुळे ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो, आणि तेथील रोहितांच्या थव्यांची कीर्ती त्या चिखलाचे फलित आहे. 2015 साली ठाण्याच्या खाडीत त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि 2022 साली त्या खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. दक्षिण कोकण आणि गोवा येथे पाण्याची ही चढउतार पुष्कळ कमी आहे. किनारा खडकाळ टोके आणि त्यांच्या मधल्या अर्धचंद्राकृती पुळणी यांचा बनलेला असून चिखल असा तो खाड्यांच्या आत आणि खाजणांतच मिळतो. याचा परिणाम असा, की पक्षी सर्व किनाऱ्यावर सारखे पसरलेले आढळत नाहीत. भरतीने त्यांची चरण्याची जागा बुडवली, की ते नदीमुखाशी असलेल्या एखाद्या वाळूच्या दांड्यावर किंवा लाटांच्या माऱ्याबाहेरील खडकावर एकत्र येतात आणि ओहोटी लागेपर्यंत, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, एका पायावर उभे राहतात. हा विसावाच निरीक्षकाचा सुकाळ होय. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढते त्यापेक्षा अष्टमीच्या भांगाला ते पुष्कळ कमी चढते. आणि जो दांडा भांगाच्या दिवशी दिवसभर कोरडा असतो तोच उधाणाला पाण्याखाली जाऊन पक्ष्यांना दुसरीकडे पांगवतो. तेव्हा पंचांग पाहून घराबाहेर पडण्याचा जो प्रघात आपल्या कोळ्यांत आणि दर्यावर्द्यांत आहे, तो पक्षिनिरीक्षकानेही अवलंबावा. उजेडाचेही असेच आहे: आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी सूर्य सह्याद्रीच्या, म्हणजे निरीक्षकाच्या, पाठीशी असतो आणि पक्ष्याच्या पायाचा रंगदेखील स्पष्ट दिसतो, दुपारनंतर मात्र समोरच्या चकाकत्या पाण्यावर सर्वच पक्षी काळ्या आकृती होऊन राहतात, आणि अशा उजेडात केलेली पुष्कळशी दुर्मीळ ओळख दुसऱ्या दिवशीच्या सकाळी टिकत नाही.

या किनाऱ्याचे हिवाळी मानकरी कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कुरवांमध्ये तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन लहान कुरव सर्वांत अधिक. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होऊन कानामागे केवळ एक डाग उरतो. तेव्हा डोके न पाहता डोळ्याचे फिकट वा गडद बुबुळ आणि उडताना पंखाच्या काळ्या टोकांत चमकणारे पांढरे ठिपके पाहावेत, हा शहाणपणा अनुभवाने येतो. यांच्या थव्यात एखादा निमुळत्या चोचीचा कुरव मिसळलेला असतो; तो पश्चिमेकडच्या समुद्रांचा आणि क्षारसरोवरांचा रहिवासी असून आपल्याकडे थोड्या संख्येनेच येतो, आणि त्याची लांबट मान व उतरते कपाळ ज्याने एकदा नीट न्याहाळले त्याला तो पुन्हा गर्दीतही ओळखू येतो. मोठ्या कुरवांत रशियाच्या उत्तर टोकाकडून येणारा ह्यूग्लिनचा कुरव आणि मध्य आशियाच्या सरोवरांवर वाढणारा पॅलासचा कुरव हे प्रमुख. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा येण्यास चार वर्षे लागत असल्यामुळे एकाच जातीचे पक्षी एकाच दांड्यावर चार निरनिराळ्या वेषांत उभे दिसतात. नवशिका त्यांना चार जाती समजतो आणि जाणता त्यांच्यात एखादी पाचवी तर नाही ना, हे शोधतो. सुरयांचा पसाराही मोठा आहे. रापण ओढली जात असताना जाळ्याचा घेर लहान होऊ लागला, की तारली-बांगड्यांच्या लोभाने हे सारे कुळ डोक्यावर घिरट्या घालू लागते. आणि त्या गोंधळात, क्वचित एखाद्या दिवशी, दूर समुद्रावरून एखादा तपकिरी स्कुआ धडक मारून सुरयाच्या तोंडचा मासा पळवतो. हा उघड दरोडा पाहण्यास मिळणे हे किनाऱ्यावरील भाग्याच्या घटनांत गणले जाते.

चिखलपक्ष्यांचे कुळ त्याहून अवघड आणि त्याहून मनोहर. लाटेच्या पाठोपाठ धावत जाऊन पुढच्या लाटेआधी परतणारे सँडरलिंग, खडकांतील दगड उलथून खालचे कीटक टिपणारे टर्नस्टोन, तांबड्या चोचीने शिंपले उघडणारा कालवफोड्या, वितीएवढी वाकडी चोच चिखलात मुळापर्यंत रुतवणारा कर्ल्यू, आणि या सर्वांच्या मधून वाळूच्याच रंगाचे, थांबत-धावत चालणारे लहान-मोठे चिखल्ये, असा हा परिवार आहे. यांतील लहान वाळू-चिखल्याची कथा बोधप्रद आहे. तो एकच जात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नोंदला गेला. अलीकडच्या काही वर्षांत मात्र शास्त्रज्ञांनी त्याची तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन स्वतंत्र जातींत फोड केली. महसुली भाषेत बोलायचे तर खातेफोड झाली. आणि त्याबरोबर जुन्या सर्व नोंदींचा फेरफार करण्याची वेळ आली. ज्यांनी केवळ नाव लिहून ठेवले होते त्यांच्या नोंदी संदिग्ध ठरल्या; ज्यांनी चोचीची लांबी, कपाळावरील पांढऱ्याचा विस्तार आणि छातीच्या पट्ट्याची कड यांचा तपशील लिहिला होता, त्यांच्या मात्र आजही उपयोगी पडतात.

दुर्मीळतेचे माझ्या मते तीन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ देणे श्रेयस्कर नाही. पहिला प्रकार जगातच थोडे उरलेल्या पक्ष्यांचा. ग्रेट नॉट हा पक्षी 2015 पासून जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून गणला जातो. पीत समुद्राच्या काठचे चिखल, जेथे तो प्रवासात पोट भरत असे, ते भराव घालून बुजवले गेले, आणि दक्षिण कोरियातील सेमनगमचा समुद्रबांध 2006 साली पुरा झाल्यानंतर त्याची संख्या झपाट्याने घसरली. आपल्या किनाऱ्यावर तो कधी थोडासाच दिसला, तर त्या दिसण्याचा संबंध हजारो कोस दूरच्या एका बांधाशी आहे, हे जाणणे अगत्याचे आहे. दुसरा प्रकार वाट चुकलेल्यांचा किंवा आपल्या नित्याच्या हद्दीच्या कडेवर असलेल्यांचा. असा पक्षी अन्यत्र विपुल असू शकतो, येथे मात्र नवल. तिसरा प्रकार सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित: जे पक्षी येतात, राहतात आणि जातात, परंतु ओळखणारा डोळा किंवा लिहिणारा हात त्या वेळी तेथे नसल्यामुळे दुर्मीळ समजले जातात. पहिल्या प्रकारावर उपाय राष्ट्रांच्या करारांनी करायचा. दुसऱ्यावर उपायाची गरज नाही. तिसऱ्याचा उपाय मात्र चंदगडच्या शाळेतील मुलांच्याही हाती आहे.

या दप्तराचा पूर्वेतिहास अल्प असला तरी उपेक्षणीय नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मुलकी अंमलदार असलेल्या जी. डब्ल्यू. व्हिडाल याने दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली यादी 1880 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. पुढल्याच साली बटलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलूख यांची यादी त्याच ठिकाणी प्रसिद्ध केली. या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक ॲलन ह्यूम, ज्याचे नाव आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेमुळे ठाऊक आहे, त्याने 1876 साली छापलेल्या लखदीव व पश्चिम किनाऱ्याच्या वृत्तान्तात वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांचा समावेश केला. त्याच खडकांवरील सुरय आणि गुहांत घरटी करणाऱ्या पाकोळ्या यांचा अभ्यास 1940 च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी केला आणि तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या पक्ष्यांची सूचीही त्यांचीच, 1973 सालची. गोव्याच्या बाबतीत सालीम अली आणि ग्रुभ यांचा 1976 चा निबंध हा पाया ठरला, आणि हाइन्झ लाइनर यांचा 2004 सालचा संदर्भग्रंथ त्यावरील भक्कम इमारत. मराठी वाचकाला या विषयाची गोडी लावण्याचे श्रेय मारुती चितमपल्लींच्या लेखणीकडे जाते. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालीम अलींचा 12 नोव्हेंबर, या दोहोंच्या मधला आठवडा आपल्या राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, हेही उचितच झाले.

या परंपरेत चंदगडचे स्थान कोठे, असे विचारले तर उत्तर चमत्कारिक मिळते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मागे राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. म्हणजे त्यापूर्वीच्या कोणत्याही यादीत ‘बेळगाव जिल्हा’ असे लिहिलेले आढळले, तर ती नोंद आजच्या चंदगडची असू शकते, आणि नसूही शकते. व्हिडालची हद्द कड्याच्या पायथ्याशी संपते, आणि आजचे निरीक्षक आंबोलीच्या धुक्यातून थेट समुद्र गाठतात. अशा रीतीने दोन समृद्ध दप्तरांच्या मधली ही पट्टी कोरी राहिली. तिचे मोल मात्र थोडे नाही. 2013 साली नागालँडमधून उपग्रहयंत्र बांधून सोडलेले अमूर ससाणे भारताचे द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे गेले, हे आपण जाणतो. अशा प्रवाशांना समुद्रावर झेप घेण्यापूर्वी सह्याद्रीचा माथा ओलांडावाच लागतो. थंडीत येथील पठारांवर भोवत्ये घिरट्या घालतात, झऱ्याकाठी करडा धोबी शेपूट हलवीत फिरतो, कुंपणावर थिरथिरा बसतो, आणि रानाच्या सावलीत निळ्या डोक्याचा कस्तूर हिमालयाहून येऊन चार महिने मुक्काम करतो. तिलारी, जंगमहट्टी, फाटकवाडी येथील जलाशय तर किनाऱ्याच्या पाणपक्ष्यांशी तुलना करून पाहण्यास अत्यंत योग्य. कोणता पक्षी खाडीतच राहतो, कोणता घाट चढून या पाण्यावर येतो, आणि कोणत्या पंधरवड्यात येतो, हे प्रश्न सोपे आहेत. त्यांची उत्तरे मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी केलेल्या मोजणीवाचून मिळणारी नाहीत.

नोंदीचे महत्त्व पटवण्यास महाराष्ट्रातीलच एक प्रकरण पुरेसे आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातील पक्षी खानदेशात अधिकारपदावर असलेल्या जेम्स डेव्हिडसनने 1884 पर्यंत मिळवला; त्यानंतर तो दिसेना. मध्यंतरी कर्नल माइनर्टझागेन या नामवंत संग्राहकाने आपण 1914 साली गुजरातेत तो टिपल्याचे नमूद करून ठेवले होते, आणि त्या नोंदीवर विश्वास टाकून शोध घेणाऱ्यांनी भलत्याच प्रदेशात पायपीट केली. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुन्यांची रुजुवात घातली, तेव्हा उघडकीस आले की तो नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरलेला असून त्यावरील चिठ्ठी बनावट होती. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या जागी शोध घेताच 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या डोंगरात रानपिंगळा दिवसाढवळ्या बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षे जो पक्षी नाहीसा समजला गेला, तो नाहीसा झालेलाच नव्हता. अप्रामाणिक नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक असते, याचा याहून ठळक पुरावा मला ठाऊक नाही.

तेव्हा खरी नोंद म्हणजे काय, हे सांगणे प्राप्त आहे. उत्तम पंचनाम्यात जसे पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ करत नाहीत, तसेच येथेही. तारीख, मौजे, वेळ, भरती की ओहोटी, उजेडाची दिशा, अंदाजे अंतर, दुर्बीण की केवळ डोळा, सोबतीस कोण होते, हे प्रथम लिहावे. मग पुस्तक उघडण्याच्या आधी पक्ष्याचे वर्णन लिहावे: चोच डोक्याच्या लांबीच्या मानाने केवढी, पाय कोणत्या रंगाचे, उडताना पंखावर पट्टा दिसला की नाही, आवाज कसा होता. पुस्तक पाहिल्यानंतर लिहिलेले वर्णन बहुधा पुस्तकाचेच असते. छायाचित्र मिळाले तर उत्तम, परंतु छायाचित्रावर भिस्त ठेवून डोळ्यांना सुट्टी देऊ नये. शेजारी बसलेल्या परिचित पक्ष्याशी आकाराची तुलना अवश्य लिहावी, कारण उघड्या वाळूवर एकटा पक्षी नेहमीच असेल त्याहून मोठा वाटतो. पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसल्यास रंग, अक्षरे, डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, हे सर्व टिपून मुंबईच्या सोसायटीस कळवावे. 1883 साली स्थापन झालेल्या या संस्थेने 1927 पासून पक्ष्यांना कडी चढवण्याचे काम चालवले आहे, आणि एका कड्याची खबर मिळाल्याने खंडांमधला मार्ग उमगतो. संख्येचा आकडा ‘पुष्कळ’ या शब्दाने कधीही भरू नये. आणि जेथे जाऊन काही मिळाले नाही, तेथील रिक्त दिवसही दप्तरात चढवावा. पक्षी न दिसल्याची प्रामाणिक नोंद ही पक्षी दिसल्याच्या नोंदीइतकीच पुढील पिढीच्या कामाची असते. शंका असेल तेथे ‘ओळख अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

अशा किरकोळ वाटणाऱ्या टिपणांचे मोल किती, हे 2023 च्या भारतीय पक्षिस्थितीच्या अहवालाने दाखवले आहे. सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून 942 जातींचा विचार करून त्यांतील 178 जातींना अग्रक्रमाने संरक्षण हवे, असा निष्कर्ष तेथे काढला गेला, आणि स्थलांतर करणाऱ्या किनारपक्ष्यांची घसरण विशेष चिंतेची ठरली. हे तीस हजार लोक बहुतांशी पोटापाण्याचे दुसरे उद्योग करणारे गृहस्थ आहेत. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षिगणना 1987 पासून अशाच हातांनी चालते.

एक कर्तव्य उरले. दांड्यावर विसावलेला पक्षी आळसाने बसलेला नसतो. पुढच्या प्रवासासाठी तो अंगावर चरबी साठवत असतो. 2022 साली एका तरुण गॉडविटने अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अखंड उड्डाण केले, ते अशाच साठवणीच्या बळावर. वाळूवर मोटारी पिटाळणे, मोकाट कुत्र्यांना थव्यावर जाऊ देणे, उडत्या पक्ष्यांचे चित्र हवे म्हणून टाळ्या वाजवून थवा उठवणे, या गोष्टींनी ती शिदोरी खर्ची पडते. ज्याच्या येण्याने पक्षी उठतो, तो निरीक्षक दुर्मीळ पक्षी शोधण्यास अद्याप पात्र झालेला नाही, असे मी स्पष्ट म्हणतो. विणीच्या आणि विसाव्याच्या नाजूक जागांचा ठावठिकाणा चारचौघांत तात्काळ जाहीर करू नये; दप्तरात मात्र तो अचूक असावा.

चंदगड आणि तिलारी येथे आता संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर झाली आहेत. हद्दी आखल्या गेल्या, फलक लागले. परंतु आत कोण राहते आणि हिवाळ्यात कोण येऊन जाते, याची यादी वनखात्याच्या कारकुनाने एकट्याने करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पारगडापासून मोरजीपर्यंतच्या या पट्ट्यात जेवढ्या शाळा आहेत, त्यांतील प्रत्येकीने आपल्या जवळचे एक पाणी, मग तो जलाशय असो, खाजण असो की पुळण, निवडावे आणि आश्विनापासून चैत्रापर्यंत ठरलेल्या दिवशी तेथील पक्षी मोजून एका बांधीव वहीत लिहावेत. पुढील पानांत जातींची वर्णने, वेळापत्रके आणि नोंदीचे नमुने त्याच हेतूने दिले आहेत. वाचकाला विनंती एवढीच, की हे पुस्तक कपाटात ठेवू नये. पहिल्या कोऱ्या रकान्यात आजची तारीख घालून कामास लागावे.